वितळायचं कोणी?

फ्यूज गेला की आपल्याकडे पहिली शिवी फ्यूजलाच बसते. चटणी अर्धवट वाटलेली असते, सामना शेवटच्या षटकात आलेला असतो, नाहीतर पाहुणे दाराशी चपला काढत असतात, आणि काळोखातून आवाज येतो, "मेला हा फ्यूज, आत्ताच जायचा होता!" जणू तो दिवसभर मुहूर्त बघत बसला होता. त्याने केलेलं असतं एवढंच, की घरात कुठेतरी काहीतरी वितळायची वेळ आली तेव्हा तो आपण होऊन पुढे झाला. पण हे मेणबत्ती शोधणाऱ्या माणसाला सांगून बघा. "ते राहू दे, आधी काडेपेटी कुठंय ते सांग," म्हणेल.

या बाबतीत सोल्डरचं नशीब थोर. दिवाळीच्या माळेची तुटलेली वायर घरातल्या पोराने सोल्डर करून दिली की आजी शेजारच्या दोन बिऱ्हाडांना बोलावून दाखवते. वास्तविक सोल्डर आणि फ्यूज एकाच घरातले. वायरमनच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत कमी अँपिअरच्या फ्यूजतारेची कृती दिलेली असते: कथील ६३ टक्के, शिसं ३७ टक्के. आणि चांगल्या प्रतीच्या सोल्डरच्या रिळावर काय छापलेलं असतं? ६३/३७. कथील एकटं असेल तर २३२ अंश सेल्सियसला वितळतं, शिसं ३२७ ला. दोघं या प्रमाणात एकत्र आले की १८३ लाच पाणी होतात. एकत्र राहिल्याने दोघांचाही ताठा उतरल्याचं असं उदाहरण माणसांत फारसं सापडत नाही. शिवाय ते वितळतात तेही एकदम. धड घट्ट नाही, धड पातळ नाही, असा मधला घोळ या प्रमाणात नसतो.

तर माल एकच. एकाला आपण वितळवून जोडायला लावतो, दुसऱ्याने वेळ आली की वितळून तोडावं अशी अपेक्षा असते. पहिल्याला शाबासकी, दुसऱ्याला शिवी. मला या पक्षपाताचं फार दिवस कुतूहल आहे.

सोल्डरिंगबद्दल नवख्याची एक समजूत असते: कथील वितळवायचं आणि तारेवर टाकायचं. पुण्यातला असेल तर तो तापकीर गल्लीत जाऊन पंचवीस वॅटची आयर्न आणतो, ती तापली की सोल्डर तिच्या टोकाला लावतो, आणि झालेला थेंब तारेवर नेऊन सोडतो. थेंब पडतो. गोल, चकचकीत, बघत राहावा असा. फक्त तारेशी त्याचा काही संबंध नसतो. अळवावरचं पाणी. वायर उलटी केली की थेंब टेबलावर आणि तार होती तशी मोकळी.

खरी रीत उलटी आहे. तापवायची ती तार. आयर्नचं टोक तारेला खालून टेकवायचं, दोन-तीन सेकंद धीर धरायचा (इथेच बहुतेकांचं बिनसतं), आणि सोल्डर वरच्या बाजूने, आयर्नला नव्हे, तारेला लावायचं. तार पुरती तापली असेल तर ती सोल्डर स्वतः ओढून घेते. आधी थेंब जरा फुगतो, मग एकाएकी बसतो आणि पिळलेल्या तारांच्या फटीफटीतून आत शिरतो. तांब्याचा लाल रंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रुपेरी होत जाताना डोळ्यांना दिसतो. काम चांगलं झालं असेल तर सोल्डरखालचे तारेचे पीळ वरून मोजता येतात. वर जाडजूड गोळा दिसला, तर माणसाने सोल्डर भरपूर वापरलंय आणि उष्णता कमी, एवढं समजावं.

त्या वेळी जो धूर नाकात जातो तो राळेचा. सोल्डरच्या तारेच्या पोटात चीडच्या झाडाची राळ भरलेली असते. तांब्यावर हवेने जो थर चढतो तो काढून टाकणं हे तिचं काम. थर राहिला तर सोल्डर वरच्या वर घरंगळतं. ज्यांनी दारात कल्हईवाला बघितला आहे त्यांना यातलं काहीच नवीन नाही. तो भाता मारून पातेलं तापवायचा, कथील नव्हे. मग नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर व्हायचा, कथलाची कांडी पातेल्याला लावली न लावली की कापसाच्या बोळ्याने एक फेर, आणि काळंमिट्ट पातेलं आरशासारखं नव्हे तरी निदान आईला पसंत पडेल इतकं चकचकीत. राळेच्या जागी नवसागर, तारेच्या जागी पातेलं, बाकी विद्या तीच. कथील तांब्यात किंचित मुरतं आणि दोघांच्या मध्ये एका तिसऱ्याच संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो, म्हणून कल्हई चिंचेने घासली तरी पहिल्याच दिवशी निघून जात नाही. पुढे बुधवार पेठेतली रेडिओ दुरुस्त करणारी मंडळी आयर्नचं काळं पडलेलं टोक त्याच नवसागराच्या खड्यावर घासताना पाहिली, तेव्हा हे गोत्र माझ्या ध्यानात आलं.

आयर्न बाजूला घेतल्यावर सांधा गार होईपर्यंत हलवायचा नाही आणि त्यावर फुंकर मारायची नाही. ही दुसरी अट मराठी माणसाला जड जाते. चहा, दूध, भाकरी, पोराचा खरचटलेला गुडघा, सगळ्यावर आपण फुंकर मारतो. पण थिजत असताना सांधा हलला, की वरून धरलेला आणि आतून सुटलेला असा एक प्रकार तयार होतो. त्याला दुरुस्तीवाले 'ड्राय सोल्डर' म्हणतात, आणि ज्या पिढीने पेटीसारखे मोठे टीव्ही वापरले तिला हा शब्द पाठ आहे.

त्या टीव्हीत चित्रनळीला हजारो व्होल्ट पुरवणारा एक जड, तापणारा ट्रान्सफॉर्मर असायचा. तो रोज संध्याकाळी तापणार, रात्री गार होणार. त्याच्या पायांभोवतीचं सोल्डर या रोजच्या फुगण्या-आक्रसण्याला कंटाळून गोल तडकायचं. तडा केसाएवढा. मग बातम्या चालू असताना चित्राची एक आडवी रेघ व्हायची किंवा सगळंच नाहीसं व्हायचं, आणि घरातला एक ठरावीक माणूस उठून टीव्हीला ठरावीक जागी थप्पड मारायचा. चित्र परत. ठरावीक माणूस म्हणतो ते उगाच नाही. आमच्या शेजारच्या काकांनी मारलेली थप्पड वाया जायची आणि काकूंची लागू पडायची. काकू डाव्या बाजूला, वरून चार बोटं खाली, उघड्या पंजाने मारत. ती कला होती. शास्त्र एवढंच, की तडकलेली दोन टोकं धक्क्याने परत एकमेकांना टेकत. शेवटी दुरुस्तीवाला यायचा, मागचं झाकण काढायचा, गंभीरपणे म्हणायचा, "ड्राय सोल्डर आहे," आणि संशय येईल त्या प्रत्येक पायाला आयर्न टेकवत जायचा. ज्याला टेकवली त्यातला नेमका कोणता गुन्हेगार होता हे त्यालाही कळत नसे. पण टीव्ही चालायचा आणि काकूंची थप्पड निवृत्त व्हायची.

सोल्डरिंग जमू लागलं की माणूस दिसेल त्याला सोल्डर लावतो, आणि तिथे जरा आवरायला हवं. प्लगच्या किंवा स्विचच्या स्क्रूखाली जाणाऱ्या वायरीचं टोक सोल्डरने छान कडक करून घालणारे उत्साही लोक आहेत. दिसतं टापटीप. पण हा मऊ धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहतो. काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो, सांधा तापतो, प्लग पिवळा पडतो आणि मग काळा. यात वाईट असं, की सैल सांध्याची ही उष्णता फ्यूजला कळतच नाही. त्याला फक्त प्रवाह कळतो, आणि प्रवाह काही वाढलेला नसतो. स्क्रूखाली नुसतं पिळलेलं तांबं घालावं, नाहीतर दाबून बसवलेली टोपी. सोल्डरची तिथे गरज नाही.

आता फ्यूजकडे येतो. पुण्याच्या जुन्या वाड्यांत फ्यूज हे घरमालकाच्या राज्यकारभाराचं साधन होतं. मीटर एक, मालकाच्या नावावर. भाड्यात लाइट धरलेली. भाडेकरूने किती दिवे लावावेत हे तोंडी ठरलेलं, आणि तोंडी ठरलेलं असल्यामुळे दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवणारं. जिन्याखालच्या लाकडी बोर्डावर चिनी मातीचे पांढरे किटकॅट ओळीने बसवलेले असत आणि त्यांची किल्ली, म्हणजे फ्यूजतारेचं रीळ, मालकांच्या कोटाच्या खिशात. भाडेकरू त्यांना अण्णा म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे नको.

अण्णांची तार पाच अँपिअरची. ही कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार, जाडी ०.२ मिलिमीटर. पाच अँपिअरची म्हणजे पाचाला वितळते असं मात्र नाही. पाच ती आयुष्यभर वाहू शकते. वितळायला साताच्या आसपास लागतात. आता हिशेब बघा. पुढच्या खोलीतल्या बिऱ्हाडाकडे साडेसातशे वॅटची इस्त्री: २३० व्होल्टला सव्वातीन अँपिअर. मागच्या बिऱ्हाडाकडे हजार वॅटची शेगडी: साडेचारच्या जरा आत. दोघांपैकी एकानेच आपलं काम उरकलं तर फ्यूजला पत्ताही लागत नाही. दोघांनी एकदम लावलं, वर दिवे-पंखे धरले, की आठ. तरीही तार लगेच जात नाही. आधी तापते, मग लालसर होते, मध्येच लोंबते आणि मिनिटभराने तुटते. हा मिनिट फार महत्त्वाचा. दोन्ही आरोपींना "आमचं मघापासून चालूच होतं, तेव्हा कुठे काय झालं?" असं शपथेवर सांगता यावं, एवढा तो पुरतो.

मग चौकात सभा.

"कोणी लावली होती शेगडी?"

"आमच्याकडे शेगडीच नाही, अण्णा. एक आहे ती बंद पडलेली आहे."

बंद पडलेल्या शेगडीची तार अजून लाल असायची आणि पलंगाखाली सरकवलेल्या इस्त्रीमुळे गोधडीचा वास सुटलेला असायचा. अण्णा बॅटरी घेऊन खोलीखोलीतून हिंडत. त्यांना वास यायचा, पण सभ्य गृहस्थ, पलंगाखाली वाकून बघणं जमायचं नाही. शेवटी ते बोर्डाशी येऊन किटकॅट ओढून काढत, त्याच्या दोन्ही पितळी जबड्यांतले तुटलेले तुकडे नखाने काढून फुंकत, आणि नवी तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळत. उलटी गुंडाळली तर स्क्रू आवळताना ती बाहेर येते. तार ताणायची नाही, थोडी ढिली ठेवायची, हेही त्यांना ठाऊक होतं. भाडेकरूंशी वागताना त्यांनी हे तत्त्व वापरलं असतं तर वाड्यातले निम्मे खटले टळले असते.

किती जाडीची तार किती प्रवाहाला वितळते, हे विल्यम प्रीस नावाच्या वेल्श माणसाने १८८४ साली मांडून ठेवलं. हा ब्रिटिश पोस्ट खात्यातला विद्युत अभियंता, पुढे मार्कोनीला ज्याने हात दिला तोच. त्याच्या हिशेबात तारेची जाडी दुप्पट केली की वितळण्याचा प्रवाह दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होतो, कारण जाड तारेला अडथळा कमी आणि गार व्हायला अंग जास्त. तांब्याच्या उघड्या तारेसाठी त्याचा आकडा आजही अंदाजाला कामी येतो.

आणि या हिशेबामुळे एका उपेक्षित माणसाला न्याय मिळतो. अण्णा गावाला गेलेले असताना फ्यूज गेला, की वाड्यातला एखादा खटपट्या जुन्या वायरीचा तुकडा दातांनी सोलून त्यातली एक बारीक तार काढायचा आणि किटकॅटमध्ये घालायचा. सुशिक्षित मंडळी यावर नाकं मुरडत. पण बाजारात ज्या वायरीला तेवीस-शहात्तर म्हणतात तिच्यात तेवीस तारा असतात आणि प्रत्येकीची जाडी ०.००७६ इंच. म्हणजे ०.१९३ मिलिमीटर. म्हणजे अण्णांच्या खिशातल्या पाच अँपिअरच्या तारेच्या पासंगाला पुरेपूर लागणारी. प्रीससाहेबांना कधी न भेटता तो खटपट्या तंतोतंत बरोबर होता.

बिघडतं ते पुढच्या खेपेला. "सारखा सारखा जातो, दोन पदर घाल रे." दोन पदरांनी आठवडा बरा जातो. मग कोणीतरी पाण्यात टाकायची हीटरची कांडी आणतो. "तीनच घालून टाक एकदाची, मजबूत होईल." आता ती पिळलेली तिपदरी तार वितळायला पंधरा-वीस अँपिअर लागणार. दरम्यान भिंतीवर लाकडी पट्टीच्या कडेने जी वायर गेली आहे तिला याची कल्पना दिलेली नाही. दीड चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची वायर दहाएक अँपिअर निवांत वाहते. वीस गेले तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. तिच्यावरचं आवरण मऊ होतं, वास सुटतो, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, कोणाची तरी भाजी करपली वाटतं. किटकॅट मात्र ठणठणीत. प्रवाह वाढला की साखळीतलं काहीतरी एक वितळणार, हे ठरलेलंच आहे. आपण तार निवडली नाही तर भिंत निवडली जाते. वाड्यातल्या कोणालाही हे समजावून सांगितलं असतं तर पटलं असतं, आणि तरी त्याने तिसरा पदर घातलाच असता. जाणारी वस्तू म्हणजे कच्ची वस्तू, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. स्कूटरच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देणारा मेकॅनिकही "आता जन्मात जायचा नाही" असं अभिमानानेच सांगतो. गाडी जाईल, फ्यूज जायचा नाही.

खेड्यात फ्यूजला जरा बरा मान आहे, कारण तो खांबावर राहतो. डीपीच्या वर, अकरा हजार व्होल्टच्या बाजूला, तीन नळ्या तिरक्या अडकवलेल्या असतात. त्यांना सगळे डीओ म्हणतात. आतली तार वितळली की नळीतल्या अस्तरातून वायू सुटतो, तो ठिणगीला फुंकून विझवतो, आणि वरची पकड सुटून नळी खाली लोंबते. बांधावरच्या माणसालाही कळतं, कोणता गेला. संध्याकाळी पारावरच्या मंडळींनी माना वर करून "मधला गेलाय" असं म्हणायचं, लायनमनने लांब काठीने तो परत चढवायचा, आणि चढवताना 'खट्' आवाज झाला की सगळ्यांनी मागे सरायचं. एक डीओ पडला की उरलेल्या दोन फेजवर विहिरीवरची मोटर नुसती घुमत बसते आणि वेळेत बंद केली नाही तर जळते. त्यामुळे फ्यूज कोणता, केव्हा, का गेला, याचा शेतकऱ्याइतका बारकाईने विचार शहरात कोणी करत नाही. त्याच्या दृष्टीने तो पिकाच्या पाण्याचा प्रश्न असतो.

शहरात आता किटकॅटच उरले नाहीत. एमसीबी आली. वितळणं संपलं, खटका खाली पडतो. आत दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. जास्त प्रवाहाने ती तापून वाकते आणि खटका सोडते. शॉर्ट सर्किट झालं तर पट्टी वाकण्याची वाट न बघता शेजारची वेटोळी चुंबक होऊन क्षणात तोडते. १९२०च्या दशकात जर्मनीत मानहाइमला ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कारखान्यात ही जोडी एका डबीत बसवली गेली. एक गोष्ट त्यात फार मनकवडेपणाने केलेली आहे. खटका कोणी बोटाने वर दाबून धरला, दोरीने बांधला, चिकटपट्टी लावली, तरी आतला सांधा सुटायचा तो सुटतोच. वरचा दांडा नुसता देखाव्याला वर राहतो. हे करणाऱ्या इंजिनिअरला आपण माहीत नव्हतो, पण आपल्यासारखे लोक तिकडेही असणार.

दांड्याचा मार्ग बंद झाल्यावर दुसरा निघाला. आमच्या इमारतीतल्या काकांची गिझरची एमसीबी सारखी पडायची. सोळा अँपिअरची. गिझर आणि वॉशिंग मशीन एकाच ओळीवर, पडणारच. त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून आनंदाने म्हणाले, "बत्तीसची टाकून घेतली. आता हूं की चूं नाही."

"काका, वायर बदलली का पण?"

"वायर कशाला बदलायची? ती कुठे पडत होती!"